शंकूवरचा मोजा

एकदा एक शिष्या आपल्या वृद्ध गुरूंना भेटायला शाळेच्या अंगणाकडे निघाली, तेव्हा तिच्या एका हातात ओळंबा होता, कडेवर दीड वर्षांची मुलगी होती आणि मनात ‘आजचं हे शेवटचं’ असा निश्चय होता. निश्चय तिने आदल्या दिवशी स्वयंपाकघरात केला होता. पोळी करपली, मुलगी रडली आणि कुकरची शिट्टी झाली, हे तिन्ही एकाच क्षणी घडलं, आणि तिला वाटलं की सावल्यांचा अभ्यास करण्याचे आपले दिवस संपले.

गुरूंचं आयुष्य सावल्यांतच गेलं होतं. गावोगावच्या शाळांच्या अंगणात त्यांनी छायायंत्रं उभारली होती. सूर्य फिरतो तशी काठीची सावली फिरते आणि दगडावर कोरलेल्या खुणा वेळ सांगतात, अशी ती यंत्रं. पण आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. काठीची सावली त्यांना दिसे, तिचं टोक दिसत नसे. आणि या शास्त्रात जे काही महत्त्व आहे ते टोकालाच. म्हणून या शाळेतल्या नव्या यंत्राचं सगळं मोजमाप त्यांनी शिष्येवर सोपवलं होतं.

यंत्राचा खर्च गावातल्या एका व्यापाऱ्याने उचलला होता. त्याचं साड्यांचं मोठं दुकान होतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांचा स्मृतिदिन, त्याच मुहूर्तावर उद्घाटन. संध्याकाळी गवंडी येऊन पूर्व-पश्चिम रेषेवर पितळेची पट्टी कायमची बसवणार होता. ती रेषा दिवसाउजेडी शोधून, आखून ठेवायची, एवढं एकच काम शिष्येकडे होतं. पट्टी एकदा सिमेंटमध्ये बसली की बसली. ती वाकडी गेली, तर या शाळेतली मुलं पिढ्यान्‌पिढ्या चुकीची पूर्व पाठ करत राहणार, आणि यंत्रावर नाव गुरूंचं असणार.

शिष्येला हे सगळं माहीत होतं. म्हणूनच तिने मुलीला घरी ठेवून यायला हवं होतं. सासूबाई सांभाळायला तयार होत्या. त्यांनी तीन मुलं वाढवली होती. पण शिष्येने मोबाईलवर जे जे वाचलं होतं ते त्यांनी कुठे वाचलं होतं? निघता निघता तिने कावूला (मुलीचं नाव कावेरी) उचललं, आणि वाटेत स्वतःलाच म्हणाली, “झोपून राहील ती.”

आणि सकाळी कावू खरोखरच झोपली. कडुलिंबाच्या फांदीला बांधलेल्या झोळीत ती गाढ झोपलेली असताना शिष्येने काम असं केलं की पाहत राहावं. अंगणात नव्याने केलेल्या कोब्याच्या मधोमध एक भोक ठेवलेलं होतं. त्यात तिने गुरूंचा जुना शंकू रोवला. शंकू म्हणजे हातभर उंचीची गुळगुळीत काठी, वरच्या टोकाला लोखंडाची अणकुचीदार आर. ओळंब्याने ती सरळ आहे ना हे तिने चारी बाजूंनी पाहिलं. मग काठीभोवती सुताचा फास टाकला, दुसऱ्या टोकाला खडू बांधला आणि एका दमात पूर्ण वर्तुळ काढलं.

रीत जुनी आहे आणि सोपी आहे. सकाळी सावली लांब असते, वर्तुळाच्या बाहेर पडलेली. सूर्य चढतो तशी ती आखडत आत येते. तिचं टोक ज्या बिंदूवर वर्तुळाला शिवून आत शिरतं, तिथे पहिली खूण करायची. दुपारनंतर सावली पुन्हा लांबते आणि दुसऱ्या बाजूने वर्तुळाबाहेर जाते; जिथून जाते तिथे दुसरी खूण. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम मिळाली. ना होकायंत्र, ना गणित. मात्र मधला शंकू दिवसभरात केसभरही हलता कामा नये.

पौषातलं कोवळं ऊन होतं. सावलीचं टोक वर्तुळाला शिवलं तेव्हा शिष्या जमिनीला गाल लावून पाहत होती. तिने टिंब केलं, इतकं बारीक की स्वतःलाच शाबासकी द्यावी.

“झाली खूण, गुरुजी.”

“आवाजावरून चांगली झालेली दिसते,” कडुलिंबाखाली खुर्चीत बसलेले गुरू म्हणाले.

मग कावू उठली.

तिला चालता येऊ लागून फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे ती चालत नसे, धावतच असे. आणि अंगणभर एवढ्या वस्तू असताना तिला उन्हात चमकणारी ती आरच हवी होती. कावू शंकूकडे गेली की शिष्या तिला उचलून कडुलिंबाखाली आणी. कावू पुन्हा जाई, शिष्या पुन्हा आणी. कावू नळाकडे गेली की ही नळाकडे, फाटकाकडे गेली की ही फाटकाकडे. पडशील, लागेल, नको, ये, जाऊ नको, तोंडात घालू नको.

“तू नेमकी आहेस कुठे गं?” गुरूंनी विचारलं. “मला सगळ्याच दिशांनी तुझा आवाज येतोय.”

ती हसली, पण ते बोलणं तिला लागलं. माध्यान्ही डबा उघडताना तिने निश्चय बोलून टाकला. “गुरुजी, एवढं काम झालं की मी थांबेन म्हणते. दोन्हीकडे लक्ष देणं जमत नाहीये. धड आई होत नाही आणि धड शिष्याही.”

“बरं,” गुरू म्हणाले, आणि लोणच्याची फोड शोधू लागले.

ते निदान दोनदा तरी ‘असं करू नकोस’ म्हणतील अशी तिची अपेक्षा होती. तिने मान खाली घालून कावूला भात भरवला. भरवता भरवता तिचं लक्ष पुन्हा त्या आरेकडे गेलं. लोखंडी टोक बरोबर कावूच्या छातीच्या उंचीवर येत होतं. ती उठली, कावूच्या पायातला एक मोजा काढला, पिवळा, बदकाचं चित्र असलेला, आणि शंकूच्या डोक्यावर टोपीसारखा चढवला. मग कुठे तिच्या घशाखाली घास उतरला. काठीला तिने जराही धक्का लागू दिला नव्हता, याचं तिला समाधानही वाटलं.

ऊन कलू लागलं तसा व्यापारी आला. सोबत संगमरवराची एक छोटी पाटी होती, तिच्यावर वडिलांचं नाव.

“गुरुजी, ही बरोबर सेंटरला बसवायची. बघणाऱ्याची नजर पहिली तिथेच गेली पाहिजे.”

“सेंटरला काय ठेवलंय शेटजी?”

“असं कसं? दुकानाला नाव देताना माझ्या वडिलांनी मुद्दाम साडी सेंटर ठेवलं. सेंटर म्हटलं की गिऱ्हाईक तिथेच येतं.”

“खरं आहे. तुमचं साडी सेंटर, शेजारी वडा सेंटर, पलीकडे झेरॉक्स सेंटर, एस.टी. स्टँडवर मोबाईल सेंटर. गावात सेंटरं एवढी आणि वर्तुळ एकही नाही.”

“तुम्ही चेष्टा करता गरिबाची.”

“बरं, मग तुम्ही स्वतःच बसून बघा सेंटरला. आमची हरकत नाही.”

व्यापाऱ्याने मोजा घातलेल्या त्या काठीकडे पाहिलं. “ताई, याला मोजा कशाला? थंडी वाजतेय का?”

शिष्येला उत्तर द्यायला सवड नव्हती. सावली पूर्वेकडे लांबत चालली होती आणि वर्तुळाच्या अगदी जवळ आली होती. कावू सुदैवाने पाटीवरची अक्षरं बोटाने चाचपण्यात गुंगली होती. शिष्या खडू घेऊन गुडघ्यांवर बसली. हा क्षण तिला नेहमीच असा येई. लहानपणी जत्रेतल्या पाळण्यात बसल्यावर येई तसा. एवढा मोठा सूर्य, एवढं मोठं आकाश, आणि त्यांचं सगळं चालणं या एका टिंबात येऊन पोचणार. हे आपण सोडणार आहोत, असं तिच्या मनात आलं, आणि तिने ते झटकून टाकलं.

“टेकलं, गुरुजी. करते खूण.”

“थांब. काय टेकलं?”

“सावलीचं टोक.”

“कसं दिसतंय?”

तिने वाकून पाहिलं. “गोल आहे. बोराएवढं.”

“टोक कधी बोराएवढं असतं का गं?”

खडू तिच्या हातातच राहिला. वर्तुळाला येऊन टेकलेली सावली आरेची नव्हती, मोज्याची होती. वर्तुळावर बदकाच्या मोज्याचा शेंडा टेकला होता. सकाळची खूण उघड्या टोकाची आणि दुपारची मोज्याची. या दोन खुणा जोडल्या असत्या तर पूर्व सरकली असती आणि गवंड्याने ती सिमेंटमध्ये घट्ट बसवून दिली असती. आरेच्या सावलीचं खरं टोक वर्तुळाच्या दोन बोटं आत असणार. म्हणजे अजून काही मिनिटं होती. अगदी थोडी.

ती मोजा काढायला धावली. तिला धावताना पाहून कावू पाटी सोडून मागे धावली. शिष्येने मोजा उपसला, तोच उघडी पडलेली आर उन्हात लखलखली आणि कावूचे दोन्ही हात तिच्याकडे झेपावले. शिष्येने तिला वरच्या वर उचललं. कावूने कमान टाकली आणि असा टाहो फोडला की फाटकाबाहेरचा रिक्षावाला वळून बघू लागला. आता कावूला खाली ठेवावं तर ती आरेवर जाणार, कडेवर घ्यावं तर ती हातपाय झाडणार. अशा हाताने बारीक टिंब कोण काढणार? आणि सावली कुणासाठी थांबत नाही.

“रॉड काढून ठेवा ना ताई बाजूला,” व्यापारी कळवळून म्हणाला. “पोरगीपेक्षा दिशा मोठी आहे का? मोबाईलवर दाखवतो मी तुम्हाला पूर्व.”

एक क्षण तिचा हात खरोखर काठीकडे गेला.

“तिला माझ्याकडे दे,” गुरू म्हणाले. ते खुर्चीतून उठून चाचपडत शंकूपाशी येऊन बसले होते. शिष्येला वाटलं, ते तिला मांडीवर घेऊन खेळवतील. तिने कावूला त्यांच्या स्वाधीन केलं. आणि गुरूंनी काय करावं? त्यांनी कावूचा उजवा हात आपल्या हातात घेतला, तिचं एक बोट सरळ केलं आणि त्या बोटाचं टोक हलकेच आरेवर टेकवलं.

कावूचं रडणं मधेच तुटलं.

“गुरुजी, काय करता हे?” शिष्येचा आवाज चिरकला. गुरूंशी त्या स्वरात ती कधी बोलली नव्हती. “लहान आहे ती.”

“आधी खूण कर. मग मनसोक्त भांड.”

“टोच्च,” कावू म्हणाली. बोटावर रक्ताचा ठिपकाही नव्हता. तिने ते बोट निरखून पाहिलं, आरेकडे पाहिलं, पुन्हा बोटाकडे पाहिलं. मग आपणहून, अगदी सावकाश, तिने पुन्हा एकदा टोकाला स्पर्श केला आणि हात मागे घेतला. “टोच्च आहे,” तिने गुरूंना समजावून सांगितलं.

“आहे खरं,” गुरू म्हणाले, आणि त्यांनी तिला सोडून दिलं.

कावू मागे सरली. हातभर अंतर राखून ती शंकूभोवती चालू लागली. एक फेरी झाल्यावर तिला त्यात मजा वाटू लागली आणि ती धावू लागली, एक पाय मोज्यातला, एक उघडा. आरेला हात लावायला ती पुन्हा गेली नाही.

“तुझ्या जागी जा,” गुरू म्हणाले. “आणि उठू नकोस.”

शिष्या परतली आणि जमिनीला गाल लावला. आता सावलीला टोक होतं, सुईसारखं. ते वर्तुळाच्या पांढऱ्या रेघेकडे इतक्या हळू सरकत होतं की सरकताना दिसत नव्हतं, आणि तरी प्रत्येक वेळी पाहावं तर पुढे गेलेलं. मागे कावूची पावलं वाजत होती, पट पट पट. एकदा ती थांबली. शिष्येचं सगळं अंग वळायला निघालं. ती वळली नाही. पावलं पुन्हा सुरू झाली. टोक रेघेला लागलं. रेघ त्याने जेमतेम शिवली होती, आणि शिष्येने टिंब केलं.

“झाली,” ती म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला हसू येतंय.

व्यापाऱ्याने सुताचं एक टोक धरलं, तिने दुसरं. दोन टिंबांमधून पूर्व-पश्चिम रेषा उमटली. व्यापाऱ्याने हळूच खिशातून मोबाईल काढून रेषेवर धरला.

“काय म्हणतो?” गुरूंनी विचारलं.

“जुळतंय की हो.”

“वा. मोबाईल बरा आहे तुमचा.”

शिष्येला भांडायचं होतं. पण हातात मोजा होता आणि समोर फेऱ्या मारणारी मुलगी होती, त्यामुळे सुरुवात कशी करावी ते सुचेना. गुरूंनीच सुरुवात केली.

“शेटजी, तुमच्या दुकानावरचा तो सेंटर शब्द. इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून घेतला, फ्रेंचांनी लॅटिनमधून, आणि लॅटिनने ग्रीकांकडून. ग्रीक लोक म्हणत केंत्रॉन. केंत्रॉन म्हणजे काय, ठाऊक आहे? पराणीची आर. बैल हाकायच्या काठीला जे टोचायचं टोक असतं, ते. गांधीलमाशीच्या नांगीलाही ते हाच शब्द वापरत. पुढे त्यांच्या भूमितीवाल्यांनी पाहिलं की वर्तुळ काढताना कंपासचा एक पाय टोचून उभा राहतो, म्हणून दुसऱ्याला फिरता येतं. त्या टोचणाऱ्या पायाला, आणि त्याने टोचलेल्या जागेला, त्यांनी आरेचं नाव दिलं. सेंटर ही मानाची जागा म्हणून जन्मलेली नाही. ती टोचलेली जागा आहे.”

शिष्या भांडण विसरली. “केंत्रॉन,” ती पुटपुटली. “म्हणजे आपलं केंद्र?”

“तेच. आपल्या ज्योतिर्विदांनी ग्रीकांकडूनच उचललं. सेंटर आणि केंद्र सख्खी भावंडं आहेत, लहानपणीच दोन गावांना गेलेली.”

केंद्रबिंदू, केंद्रस्थान, केंद्रित. एवढी वर्षं शिष्या हे शब्द लिहीत होती, आणि प्रत्येकाच्या पोटात एक आर लपलेली होती. तिने शंकूकडे पाहिलं.

“गुरुजी, ही काठी…”

“माझ्या वडिलांची पराणी. हा शब्द मला भेटला त्या दिवशी कापून घेतली.” गुरूंनी काठीवरून हात फिरवला. “आता तुझ्या मोज्याविषयी. सकाळपासून मी ऐकतोय. मुलगी जिथे, तिथे तू. कंपासचे दोन्ही पाय फिरू लागले तर वर्तुळ निघत नाही, रेघोट्या निघतात. दमतेस तू, आणि घाबरते ती, कारण परत यायचं कुठे हेच तिला कळत नाही. तू सगळीकडेच असतेस. मऊ झाकलेल्या टोकाची सावली नीट पडत नाही, हे तू आज पाहिलंस. नाही म्हणायचं ते एकदा नीट टोचेल असं नाही म्हण, आणि आपल्या जागी राहा. अंतर तिचं तिला कळेल. मी बोट धरलं होतं तिचं. सोडलं नव्हतं.”

“पण टोचतं ते मलाही,” ती हळूच म्हणाली.

“टोचणारच. सूत फिरतं तेव्हा सगळी ओढ शंकूलाच लागते. म्हणून तर तो खोल रोवावा लागतो. आणि जी बाई स्वतःची जागाच सोडून देते, तिला रोवणार कुठे?”

व्यापारी हातातल्या पाटीकडे बघत होता.

“मग ही कुठे लावू?” त्याने विचारलं. आवाजातला सेंटरचा तोरा गेला होता.

उत्तर शिष्येला सुचलं, आणि सुचताच ती उठून उभी राहिली. “इथे. या पूर्वेच्या टिंबापाशी. उद्याही सावलीचं टोक जवळपास इथेच येईल, आणि दर वर्षी याच दिवसांत येत राहील. मधोमध लावलीत तर लोक बघून पुढे जातील. इथे लावलीत तर वडिलांच्या स्मृतिदिनाला, दुपारी, सूर्य स्वतः येऊन त्यांच्या नावाला हात लावून जाईल.”

व्यापाऱ्याने पाटी टिंबापाशी टेकवली. लांबलेल्या सावलीचं टोक तिच्यावर चढून पहिल्या अक्षराच्या कान्यावर थांबल्यासारखं दिसत होतं. तो बराच वेळ उकिडवा बसून राहिला. मग त्याने उपरण्याने डोळे पुसले आणि धुळीला दोष दिला.

“गुरुजी,” शिष्या म्हणाली, “या काठीच्या जागी पितळी शंकू बसला की भोवती कठडा मात्र हवा. शाळा आहे.”

“हवाच,” गुरू हसून म्हणाले. “मी आर म्हटलं, आडदांडपणा नाही.”

“आणि उद्घाटनानंतर तासांच्या खुणा कधी कोरायला घ्यायच्या?”

“तू थांबणार होतीस ना?”

“तुम्ही बरं म्हणालात. हो म्हणाला नव्हतात.”

गवंडी सायकल टेकवून फाटकातून आत येत होता. ते उघडं फाटक कावूने पाहिलं. फेरी अर्धी टाकून ती तिकडे धावत सुटली. शिष्या एक पाऊल पुढे गेली आणि थांबली.

“कावू. फाटकापर्यंत. पुढे नाही.”

एकदाच, मोठ्याने नाही, पण टोक असलेलं.

फाटकाच्या चौकटीपाशी कावू थबकली. तिने मागे वळून पाहिलं. आई जिथे होती तिथेच होती, खडूच्या वर्तुळापाशी, हातात पिवळा मोजा घेऊन. त्या क्षणी आईच्या आत किती टोचत होतं हे एवढ्या लांबून दिसण्यासारखं नव्हतं. कावूला एवढंच दिसलं की परत जायची जागा हललेली नाही. ती निर्धास्तपणे चौकटीवर बसली आणि बाहेरची रहदारी पाहू लागली.